‘सर्व्हायकल’ म्हणजे फक्त मान नाही : गर्भाशयमुखाबद्दल प्रत्येकीला माहीत असाव्यात अशा गोष्टी

‘मला सर्व्हायकलचा त्रास आहे’ असे कुणी म्हणाले, की मराठी घरात पहिल्यांदा आठवतो तो मानेचा पट्टा. यात चूक कुणाचीच नाही. ‘सर्व्हिक्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मान. म्हणून मानेच्या मणक्यांच्या दुखण्यालाही ‘सर्व्हायकल’ आणि गर्भाशयाच्या मानेसारख्या निमुळत्या भागाच्या कर्करोगालाही ‘सर्व्हायकल’. पुस्तकात या भागाला ‘ग्रीवा’ म्हणतात, पण तो शब्द बोलण्यात कुणी वापरत नाही. सरकारी पत्रकात ‘गर्भाशयमुख’ लिहिलेले असते. आणि गावाकडच्या बायका सरळ ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात. या सगळ्या शब्दांत तोच सर्वांत सोपा आणि नेमका आहे.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका अभिनेत्रीच्या इन्स्टाग्राम खात्यावरून तिचे सर्व्हायकल कॅन्सरने निधन झाल्याची पोस्ट आली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच व्हिडिओत दिसली आणि हे सगळे जनजागृतीसाठी केल्याचे तिने सांगितले. त्या दोन दिवसांत आजाराचे नाव घराघरांत पोहोचले हे खरे. पण नाव ऐकणे आणि समजणे यांत मोठे अंतर असते. हा अवयव नेमका कुठे असतो, कोणता त्रास साधा आणि कोणता धोक्याचा, काहीच त्रास नसताना तपासणी का करायची, यांतले फारसे काही त्या गोंधळातून कुणाच्या हाती लागले नाही. आरोग्याची माहिती खोट्या बातमीच्या पाठीवर बसून आली, की लोकांना बातमीच लक्षात राहते.

पिशवीचे तोंड म्हणजे काय?

गर्भाशयाचा आकार उलट्या ठेवलेल्या नासपतीसारखा असतो. वरचा फुगीर भाग म्हणजे पिशवी आणि खालचा निमुळता, साधारण तीन सेंटीमीटर लांबीचा भाग म्हणजे गर्भाशयमुख. ते योनीमार्गाच्या वरच्या टोकाशी उघडते. पाळीचे रक्त याच बारीक छिद्रातून बाहेर येते. गरोदरपणात हेच तोंड नऊ महिने घट्ट मिटून राहते आणि बाळंतपणाच्या वेळी दहा सेंटीमीटरपर्यंत उघडते. ‘अजून दोनच बोटं उघडलंय, वेळ आहे’ असे नर्स सांगते, ते याच तोंडाबद्दल. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घराने या अवयवाची चर्चा एकदा तरी ऐकलेली असते. बाळ झाले की ती चर्चा संपते, एवढेच.

या तोंडातल्या ग्रंथी चिकट स्राव तयार करतात. पाळीच्या चक्राप्रमाणे तो बदलतो. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ आणि ताणला जाणारा होतो, नंतर पुन्हा दाट होतो. त्यामुळे वास नसलेले, खाज नसलेले, थोडेफार पांढरे किंवा पारदर्शक जाणे हा आजार नाही. ‘अंगावरून पांढरं जातं म्हणून हाडं झिजतात’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण तिला आधार नाही. कंबर दुखत असेल, थकवा असेल, तर त्याची कारणे वेगळी शोधावी लागतात. रक्त कमी असणे हे त्यांतले नेहमीचे.

लक्ष द्यायचे ते बदलांकडे. दह्याच्या कवडीसारखे जाणे आणि खूप खाज हे बहुधा बुरशीचे लक्षण असते. मासळीसारखा वास जिवाणूंच्या संसर्गात येतो. पिवळे-हिरवे जाणे, ओटीपोटात दुखणे, ताप असेल तरही डॉक्टरांकडे जावे. हे सगळे औषधांनी बरे होणारे प्रकार आहेत, त्यांचा अर्थ कर्करोग असा नाही. मात्र शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग पडणे, दुर्गंधी असलेले रक्तमिश्रित पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नये. पाळी जाऊन पाच वर्षे झालेल्या बाईला पुन्हा डाग दिसला, की ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सब्जाचे पाणी दिले जाते. त्यात जे दोन-चार महिने जातात, ते महागात पडू शकतात.

‘तोंडाला जखम आहे’ या वाक्याचे काय करायचे?

अनेक बायकांना तपासणीनंतर ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ किंवा ‘सूज आहे’ असे सांगितले जाते. ऐकणारीच्या मनात थेट कर्करोग येतो. प्रत्यक्षात बरेचदा ही जखम नसतेच. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूचे नाजूक अस्तर थोडे बाहेर सरकलेले असते. ते लालसर दिसते, म्हणून जखमेसारखे वाटते. तरुण वयात, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हे सर्रास आढळते. त्रास नसेल आणि तपासणीचा निकाल स्वच्छ असेल, तर त्याला उपचारही लागत नाहीत.

हे माहीत नसल्याची किंमत बीड जिल्ह्यात दिसली. तिथल्या ऊसतोड कामगार बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार आहे, अशा बातम्या आल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यांत चाळिशीच्या आतल्याही अनेक होत्या. कारणे एकात एक गुंतलेली होती : फडावर पाण्याची आणि शौचालयाची सोय नाही, पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, संसर्ग अंगावर काढले जातात. पण ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ हे वाक्यही अनेकींनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याचे सांगितले. ज्या बाईला पिशवीचे तोंड आणि पिशवी यांतला फरक माहीत नाही, ती या वाक्यावर काय प्रश्न विचारणार?

प्रश्न विचारायचा असतो तो असा : कर्करोगाचा संशय असेल तर तपासणी कोणती केली, तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला का, आणि अहवाल कुठे आहे? नुसत्या सोनोग्राफीवरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पक्के होत नाही. पांढरे जाते एवढ्यावरून तर गर्भाशय कधीच काढू नये. सोबत बीजकोशही काढले गेले, तर तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते आणि हाडे खरोखरच ठिसूळ होऊ लागतात. पांढरे जाण्याने हाडे झिजतात या भीतीतून शस्त्रक्रिया व्हावी आणि त्या शस्त्रक्रियेनेच हाडे झिजावीत, यापेक्षा वाईट फसगत कोणती!

विषाणू, आणि घरातला संशय

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गातून होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांना हा संबंध शोधल्याबद्दल २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत सापडतात.

विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इथेच गोष्ट अडते. अहवालात ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ आले, की बाईचा पहिला प्रश्न आजाराचा नसतो. ‘मला हे आलं कुठून?’ हा असतो, आणि पाठोपाठ घरच्यांच्या नजरेत वेगळा प्रश्न दिसतो. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे : शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. एकच जोडीदार असलेल्या बाईलाही होतो. तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, त्यामुळे कोणाकडून आणि कधी आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. अहवाल हा चारित्र्याचा दाखला नाही, कुणाच्याच.

दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच दोनेक वर्षांत परतवून लावते. थोड्याच स्त्रियांत विषाणू टिकून राहतो, पेशींमध्ये हळूहळू बदल घडवतो आणि त्या बदलांतून कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या स्त्रियांत हा काळ पाच-दहा वर्षांवर येतो. त्यांनी तपासणी लवकर सुरू करावी आणि कमी अंतराने करावी. तंबाखू, मिश्री यांची सवय असेल तर धोका वाढतो.

इतका अवधी देणारे कर्करोग थोडेच आहेत. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी दगावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले, की गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी केली आहे का. ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षाही कमी निघाले.

बार्शी आणि उस्मानाबादने जगाला काय दाखवले?

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी इथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत क्षेत्र कार्यकर्ते फिरत. ते फक्त नोंदी करत नसत. लक्षणे समजावून सांगत आणि संशय वाटला तर रुग्णालयात यायला सांगत. काही वर्षांतच बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्याचे नोंदींत दिसले. तेव्हा ना कुठले महागडे यंत्र आले होते, ना नवे औषध. गावात येऊन कुणी तरी या विषयावर बोलत होते.

त्याच परिसरात पुढे एक मोठा अभ्यास झाला. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांना त्यात घेतले गेले. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. गावांचे ५२ समूह पाडून चार गट केले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची व्हिनेगर लावून तपासणी आणि चौथ्या गटाला तपासणी कुठे मिळते याची माहिती व नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया गेल्या होत्या आणि एचपीव्ही चाचणीच्या, आकाराने थोड्या मोठ्याच असलेल्या, गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज एचपीव्ही चाचणीला जगभर पहिली पसंती दिली जाते, त्यामागे मराठवाड्यातल्या या बायका आहेत.

याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीचा मृत्यूंवर ठळक परिणाम दिसला नव्हता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायका होत्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुन्हा पुन्हा केल्याचा फरक पडला.

या दोन्ही अभ्यासांवर टीकाही झाली आणि ती डावलण्यासारखी नाही. तुलनेसाठी हजारो गरीब बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का? तेव्हा देशात अशी तपासणी कुठेच नियमित मिळत नव्हती, हे संशोधकांचे उत्तर होते. वाद काहीही असो, त्या ६४ जणींमुळे जे कळले ते आपल्याच राज्यात अजून पुरेसे वापरले गेलेले नाही.

तपासणी कशी होते?

बहुतेकींना भीती वाटते ती कल्पनेची. बाई टेबलावर पाय दुमडून झोपते. बदकाच्या चोचीसारखे एक उपकरण आत सरकवून योनीमार्ग थोडा उघडला जातो, म्हणजे गर्भाशयमुख दिसते. ओढल्यासारखे वाटते, पण स्नायू सैल सोडले तर सहसा दुखत नाही. पुढचे काम तीन प्रकारे होते.

व्हिनेगर तपासणीत, जिला ‘व्हीआयए’ म्हणतात, सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा दिसतो. निकाल तिथेच कळतो आणि सरकारी आरोग्य कार्यक्रमात हीच पद्धत आहे : ३० ते ६५ वयात, दर पाच वर्षांनी. मात्र पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीनंतर ही पद्धत तितकी भरवशाची राहत नाही. पॅप स्मिअरमध्ये पेशी खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही चाचणीत ब्रशने नमुना घेऊन विषाणू शोधतात. हा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, लाजेपोटी टेबलावर न चढणाऱ्यांसाठी हे मोठे सोयीचे आहे. सध्या ती सोय सगळीकडे नाही.

पाळी चालू असताना तपासणी करत नाहीत. आदल्या दोन दिवसांत शरीरसंबंध आणि आत ठेवायची औषधे टाळावीत. नंतर एखादा डाग पडला तर घाबरू नये. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईलाही तपासणी लागते, कारण त्यात नळ्या बांधतात, तोंड जागेवरच असते. ‘आता मला मुलंबाळं होणार नाहीत, मला काय गरज’ किंवा ‘नवरा जाऊन दहा वर्षं झाली’ ही कारणेही चालत नाहीत, कारण विषाणू जुना असू शकतो. आणि ‘मला काही त्रास नाही’ हे तर तपासणीला जाण्याचेच कारण आहे. त्रास सुरू होतो तेव्हा ती पंधरा-वीस वर्षे बहुधा संपत आलेली असतात.

दोष निघालाच तर पुढे कोल्पोस्कोप नावाच्या भिंगातून नीट पाहतात, गरज पडली तर छोटा तुकडा तपासायला घेतात. कर्करोगाआधीचे बदल असतील तर तेवढाच भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या कडीने काढून टाकतात. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते, पिशवी जागेवर राहते आणि पुढे मूलही होऊ शकते.

लस कोणाला?

लस विषाणूचा संसर्ग होण्याआधी सर्वांत चांगली काम करते, म्हणून ९ ते १४ हे वय. ‘एवढ्याशा पोरीला असल्या आजाराची लस?’ असे आई-आजीला वाटणे समजण्यासारखे आहे. पण कावीळ ब ची लस तर जन्मल्या दिवशी दिली जाते, आणि तोही विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तेव्हा कुणी असा प्रश्न विचारत नाही. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दिले जातात, पंधरा वर्षांनंतर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही पहिली भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. ती मुलांनाही देता येते.

एका डोसचाही इतिहास आहे आणि त्यातही बार्शी आणि पुणे आहेत. २००९ मध्ये भारतात अनेक ठिकाणी दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या वेगळ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठले आणि २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्याच अभ्यासांतले लसीकरण थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी दिसले, की टिकून राहणाऱ्या १६ आणि १८ क्रमांकाच्या संसर्गापासून एका डोसनेही जवळपास तेवढेच संरक्षण मिळाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोसही पुरेसा मानला, त्यामागच्या पुराव्यांत हा एक.

लस असलेला संसर्ग बरा करत नाही आणि सगळ्या प्रकारांपासून वाचवत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच. आणि जिची आई आज चाळिशीत आहे, तिच्या घरात लसीचा विषय निघाला की त्याच दिवशी आईच्या तपासणीचाही निघायला हवा.

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचा जो फॉर्म भरून घेतात, त्यात पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे असे प्रश्न असतात. बऱ्याचदा घरात सासरे, दीर बसलेले असताना ते विचारले जातात आणि सगळ्यांचे उत्तर ‘नाही’ येते. त्यांना बाजूला नेऊन खरे सांगता येते. व्हीआयए तपासणी आपल्या उपकेंद्रात होते की ग्रामीण रुग्णालयात, कोणत्या वारी होते आणि तपासायला बाई असते का, हेही त्यांनाच विचारता येते. तपासणी झाली की तारखेचा कागद आधार कार्डासोबत ठेवावा. पुढची वेळ पाच वर्षांनी येते, आणि तोवर कुठली चाचणी झाली होती हे आठवत नाही.